शेरा

किसननगरच्या समाजमंदिरात, पाण्याच्या पंपावरची खोली.
सोमवारी तिथे लसीकरण, बुधवारी शिवणक्लास,
निवडणूक आली की मतदान केंद्र,
शनिवारी तीन ते सहा खेळणीघर.
किल्ली माझ्याकडे. वहीही माझ्याकडे.

वागळे इस्टेटला एकतीस वर्षं लेथ चालवली.
कंपनी गेली, तिथे आता काचेची इमारत आहे.
हात मात्र अजून
मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार करतात.
गांगुर्डेबाई म्हणाल्या, बाबूकाका,
मोडकी खेळणी दुरुस्त कराल का?
म्हटलं, आधी बघतो.
ते बघणं पाच वर्षं चाललंय.

खेळणी येतात घोडबंदर रोडच्या टॉवरांतून,
गोण्यांत भरून, बहुतेक बॅटरीशिवाय.
एकाच डोळ्याने झोपणारी बाहुली.
चाक नसलेला डंपर. त्याला नायलॉनचं चाक कातून बसवलं,
आता तो नव्यापेक्षा सरळ पळतो.
पाचशे तुकड्यांचं कोडं, मोजले तर चारशे एक्याण्णव.
खोक्यावर मी लिहून ठेवलंय :
आकाश थोडं कमी आहे.

वहीत रकाने पाच.
नाव, खेळणं, नेलं, आणलं, शेरा.
शेऱ्याचा रकाना बाईंनी अरुंद आखलाय,
ठीक, तुटलं, हरवलं, एवढंच मावेल असा.
मी समासात शिरतो.

ओवैस मन्सुरी. डॉक्टरची पेटी. सात आठवडे परत नाही.
दंड आपण घेत नाही, म्हणून नुसता विचारायला गेलो.
बाप स्वतःच्याच रिक्षात मागच्या सीटवर,
आणि पोरगा त्याच्या पाठीला नळी लावून
अजून वाजतंय, म्हणाला.
मलाही कानाला लावायला दिली.
प्लास्टिकच्या नळीतून काही ऐकू येत नाही,
पण त्या छातीला नळीची गरजच नव्हती.
सोमवारच्या नर्सबाईंच्या कानावर घातलं.
सिव्हिलला नेलं, एक्स-रे निघाला,
गोळ्या सहा महिने, एकही चुकवायची नाही.
मोजायला ओवैस.
शेरा : मुदत वाढवली.

चैतू वाघे येऊरच्या पाड्यावरचा,
आई खाली रानभाजी विकते तेवढा वेळ येतो.
डंपर त्याचाच, पण घरी नेत नाही.
म्हणतो, आमच्याकडे सगळा उतार आहे, पळून जाईल.
शेरा : बरोबर आहे.

देणगीवाल्या कंपनीची दोन मुलं आली होती,
लाभार्थी किती, टॅबवर भरून घेत होती.
म्हटलं, वही बघा.
त्यांनी आकड्यांचा फोटो काढला,
समास चौकटीबाहेर राहिला.

आणि गुड्डन.
भातुकली, नग सोळा, नेली श्रावणात.
तिची आई घरी बसून शर्टांचे धागे कापते,
दीडशे शर्ट कापले की चहा.
काल भातुकली परत आली, मी मोजली, सतरा.
पुन्हा मोजली. सतरा.
सोळा गुलाबी प्लास्टिकची
आणि एक स्टीलची, खरी, चटणीपुरती वाटी,
तळाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव,
घासून घासून अर्धं उरलेलं.
म्हटलं, बाई, ही चुकून आली.
चुकून नाही, काका, ती म्हणाली,
सेटमध्ये वाटीच नव्हती.
मग मुलं डाळ कशात वाढणार?

कमी निघालं तर काय लिहायचं ते ठरलेलं आहे.
जास्त निघालं तर, याला रकाना नाही.
व्हर्नियर लावून बघितलं : व्यास एकावन्न पॉइंट दोन.
हे लिहून उपयोग काय?
साठा वहीत सोळा, कपाटात सतरा.
बाई विचारतायत, जुळलं का?

तीन वाजत आले. खालचा पंप सुरू झालाय.
फरशी थरथरते, कपाट थरथरतं,
आतली सगळी प्लास्टिकची भांडी खुडबुडतात
आणि त्यात मध्येच कुठेतरी
एक किणकिण.