यौवनलोपी

बेळगावच्या दवाखान्यात, तळघरातल्या लॅबमध्ये
मी काच सरकवते भिंगाखाली:
चार महिन्यांच्या पोराचा थायमस.
हृदय शिवायला वाट हवी म्हणून काढलेला तुकडा.
कडेला दाट जांभळी गर्दी,
मधे विरळ, गुलाबी.

उमराणी सर म्हणायचे, ही तालीम.
पेशीला विचारतात, आपलं माणूस ओळखतेस?
न ओळखणारी तशीच मरते, कुणी हात लावत नाही.
ओळखून आपल्याच अंगावर धावणारी
इथंच संपवतात.
शंभरातल्या दोन-तीन रक्तात उतरतात.

शेजारी गिरिजव्वा रजिस्टर भरते कन्नडात,
मी आकडे पुटपुटते मराठीत.
बेरीज जुळते.
वर रस्त्यावर आज पुन्हा
कुठल्यातरी पाटीला काळं फासलंय.

माझा आता चरबीच झाला असेल.
जुन्या पुस्तकात नाव होतं, यौवनलोपी ग्रंथी;
परीक्षेत मी ते चुकीचं लिहिलं होतं.
तालीम मोडली,
तिथून सुटलेल्या मात्र अजून गस्तीवर.

बाकावर पोराची आई, संकेश्वरची.
"काढल्यालं परत येतंय काय हो?"
थोडं आत ठेवलंय, मी म्हणते.
"तेवढ्यात भागंल?"
मी काच पुसत राहते.