सुलटी बाजू

नवे बिशप रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आले,
हातात एकच पिशवी.
आम्ही गाडी पाठवली होती, हारांसकट.
ते आधीच रिक्षात बसून निघून गेलेले,
आणि फलाटावर इग्नेशियस, झेंडूचा हार धरून.
मला हसू आलं. मग बरं वाटलं.
बरं वाटलं याचीच जरा भीती वाटली.
अठ्ठावीस वर्षं मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली;
बदलून आलेला साहेब पहिला आठवडा
चहा स्वतःच ओतून घेतो, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ते विडी घरकुलात गेले,
नरसव्वाच्या ओट्यावर मांडी घालून बसले,
कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीनं डोळे पुसले,
हजार विड्यांमागे किती सुटतात ते विचारलं
आणि रविवारी प्रवचनात तो आकडा
जसाच्या तसा सांगितला.
वेदीवरून मजुरीचा आकडा!
त्यासाठी माझे केस पांढरे झाले होते.
शेजारी रोझलिन बनसोडेनं माझा हात दाबला.

मग एक घोट पाणी पिऊन, त्याच आवाजात,
म्हणाले, वेदीजवळच्या सेवेला मुली नकोत,
तूर्तास. मुलगे पुढे येऊ देत.
तूर्तास.
किती मऊ शब्द.
आमच्या आयांच्या उशीतसुद्धा हाच कापूस होता.

आग्नेसची नात एव्हलिन, नऊ वर्षांची,
घंटा वाजवायची. एकदाही चुकली नाही.
तिनं पांढरा झगा घडी करून आणून दिला,
इस्त्री केलेला.

मी बोलले. मिस्सा संपल्यावर, लिंबाखाली,
चपलेतून एप्रिल भाजत होता.
म्हटलं, एव्हलिनला काय सांगू?
आणि माझ्या सेलिनला?
तिचा पहिला नवरा मारायचा, दुसरा भांडी घासतो,
आणि ती सहा वर्षं शेवटच्या बाकावर.
ख्रिस्तप्रसादाची रांग निघाली
की चपला शोधायला बाहेर जाते.
त्यांनी ऐकलं. खरंच ऐकलं, घड्याळ न बघता.
छोट्या वहीत सेलिनचं नाव लिहून घेतलं.
"प्रार्थना करतो. नियम माझ्या हातात नाही."
आधीच्यांनी नावही लिहिलं नव्हतं.
तेवढ्यानं पोट भरावं का?
आणि एव्हलिनचा नियम तर त्यांच्याच हातातला,
हे मला परतताना, रिक्षात सुचलं.

सत्काराला शाल नव्हती, चादर होती,
येमुलमामांच्या मागावरची, तांबडी-काळी, मोरांची.
उलटीपालटी करत बिशपांनी विचारलं,
"यात सुलटी बाजू कुठली?"
"दोन्ही," मामा म्हणाले.
"हिकडं तांबडा तो तिकडं काळा. धागा त्योच.
फकस्त उन्हाकडं धराल ती आधी विटती."
सगळे हसले.
तेही हसले, जरा उशिरा.

त्या रात्री गच्चीवर मी त्यांच्यावर रागवून बघितलं,
नरसव्वाचा ओटा आडवा आला.
आभार मानून बघितले,
तर ती इस्त्रीची घडी.
झोप लागली ती पहाटे, गिरणगावाकडून वारा सुटल्यावर.

पुढच्या रविवारी पहिलं वाचन माझं आहे.
झगा सॅक्रिस्टीच्या कपाटात ठेवला नाही.
माझ्याच ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत.
पोरी उंच व्हायला थांबत नाहीत,
म्हणून काल चष्मा लावून बसले
आणि खालची शिवण उसवून
दोन इंच कापड सोडलं.