दोन बोटं कमी

बहिरमच्या जत्रेत यंदा नवीन काय आलं,
ते पाटीवर असं लिहिलंय:
रोलर कोष्टर. पन्नास रुपये. चार चक्कर.
सात डबे, पुढे ड्रॅगनचं तोंड,
त्याचा एक दात कुठल्यातरी मागच्या जत्रेत पडलेला.

रांग जनरेटरपासून निघते,
बांगड्यांच्या दुकानाला वळसा घालते,
रोडग्यांच्या धुरात डोळे चोळते
आणि लोखंडी नळ्यांमध्ये शिरते,
ढोरांच्या दवाखान्यातल्या खोड्यात शिरावं तशी.

पुढे शिरजगावची एक बाई, चपला आधीच हातात.
"वरून पडल्या त कोन आनून देईन?"
मागे दोन पोट्टे, तिसऱ्यांदा उभे.
उतरतात, पळत येतात, पुन्हा शेपटाला लागतात
आणि साऱ्यांना पुढचं सांगून ठेवतात:
"पयल्या उताराले काहीच नाही.
दुसऱ्याले पोट मागंच रायते."

मला रांगांची सवय आहे.
अमरावतीला पहाटे चारला मैदानाबाहेर,
छातीवर नंबर, पायात उसने बूट.
तीन वर्षं कॅनॉलच्या रस्त्यावर पळलो होतो.
तिथं पळूच दिलं नाही.
आधी उंची.
साहेबानं पट्टी डोक्यावर टेकवली,
माझ्याकडे न बघता आकडा सांगितला:
एकशे साडेचौसष्ट.
"पुढचा."
पुढचा म्हणजे देवानंद. तो आता गडचिरोलीत बंदोबस्तावर असतो.
मी काही बोललो नाही.
बाहेर येऊन आधी बूट परत केले.

सलोनी, बहिणीची पोर, आठ वर्षांची,
माझ्या खिशातली संत्री फोडीफोडीनं संपवतेय.
साली परत माझ्याच खिशात.

पाऊण तास.
जनरेटर दोनदा दम खातो.
ड्रॅगन वर मध्येच थांबतो,
वरचे गप्प, खालचे हसतात.
बैतूलचा पोरगा शिडीनं चढतो,
डब्याला खांदा लावतो,
बंद पडलेल्या अ‍ॅटोला लावावा तसा.

नळ्या संपतात तिथं एक बांबू रोवलेला,
त्यावर लाल ऑइलपेंटची रेघ.
मला तो आत्ता दिसतोय.
सलोनीला कधीचाच दिसलेला:
शिरजगावच्या बाईकडून क्लिप मागून घेतलीय,
केसांचा बुचडा पार टाळूवर.
पोरगा बुचडा तळहातानं दाबतो,
अगदी हळू.
"दो उँगली कम है, भैया. अगले साल."

मी म्हणतो, चल.
ती म्हणते, "तिकिटं वापस नाही घेत थो. तू जाय."
"मी एकटा?"
"तू त रेघीच्या वर हायस ना."

शेवटचा डबा. शेजारी तीच बाई.
पहिल्या उताराला खरंच काही नाही.
दुसऱ्याला ती "अवो माय" म्हणत माझा दंड धरते,
एक चप्पल सुटून अंधारात जाते,
माझं पोट कॅनॉलच्या रस्त्यावर कुठंतरी राहतं
आणि मी ओरडतो.
काय ओरडलो ते सांगण्यासारखं नाही.
वरून सातपुड्याची काळी कड,
परतवाड्याकडचा पिवळट उजेड,
आणि खाली, बांबूला पाठ लावून,
टाचा उचललेली सलोनी.
तिचे ओठ हलत होते.

उतरलो तेव्हा पाय माझे नव्हते.
बाई एका चपलेनिशी दुसरी शोधायला गेली.
मला वाटलं, आता विचारेल, वरून काय दिसलं.
तिनं तीन बोटं दाखवली.
"तीनच झाले."
"काय?"
"चक्कर. पाटीवर चार लिवले हाये. म्या मोजले."
"जाऊ दे ना, सलोनी."
"कायले?"

मी खिशात हात घातला. संत्र्याच्या साली.

तोवर माझं मनगट धरून ती निघालीसुद्धा,
पोराकडे, रांगेला आडवी,
एकेक नळी खालून ओलांडत.
तिला फारसं वाकावं लागत नव्हतं.
मला लागत होतं.