निळ्या ड्रमाजवळ

ठवकर सरांनी मला फाट्यावर उभं केलं,
निळ्या ड्रमाला लागून,
हातात रबरांची पिशवी.
म्हणाले, येईल त्याच्या मनगटात एक घालायचा,
तेव्हाच तो इथून वळला असं धरायचं.
एकशे चाळीस आहेत, मोजून घे.

शाळेत खिचडीचे तांदूळ मोजणारा हात माझा.
मोजले. एकशे एकोणचाळीस निघाले.

जानेवारी. तुरीच्या गंजीवर दव,
ड्रमाभोवती चुन्याचा गोल, रात्रीच ओढलेला.
कानाला दुपट्टे बांधून गाव जमलं.
चिंधूजी म्हणाले, "कोन लागलं यायच्या मांगं?"
कोणी नाही बाबा, मॅरेथॉन आहे.
पहिल्याला पाच हजार.
"अन् बाकीचे कायले पळून राहिले?"

पहिला आला तेव्हा टाळी वाजलीच नाही.
इतका लवकर आला, इतका गप्प.
मनगट पुढे, डोळे रस्त्यावर,
रबर नीट बसला की नाही तोवर
त्याची पाठ.
मग टाळी वाजली, पाठीला.

"तिकडून आला अन् तिकडंच चालला,
मंग इथवर आला कायले?"
लोक हसले.
मला हसायला वेळ नव्हता, दुसरा आला होता.

मग मनगटंच मनगटं.
भरतीची पोरं, शिरा दोरीसारख्या.
तहसीलमधला कुणी, घड्याळ वर सरकवून.
डॉक्टरीणबाई, बांगड्यांच्या जागी गोरा पट्टा.
एकाच्या मनगटावर पेनाने लिहिलेला
कुणाचा तरी फोन नंबर, घामाने निम्मा गेलेला.
चेहरे मला आठवत नाहीत.
नाड्या विचारा, सांगते.

सगळ्यांचा प्रश्न एक. किती राहिलं?
सरांनी सांगून ठेवलं होतं,
साडेदहा झालं, साडेदहा राहिलं.
पण तोंडाकडे बघून तसं सांगवेना.
कुणाला म्हटलं, आलंच.
कुणाला म्हटलं, आता उतार आहे.
उतार कुठला!
बावीस वर्षं याच रस्त्याने बाजाराला जाते मी.

एक पोट्टा ड्रमाच्या अलीकडूनच वळला.
"ए, पुरा फेरा मार ना बे!"
अख्खं गाव ओरडलं,
आत्तापर्यंत फिदीफिदी हसणारं.
तो ओशाळून परत आला, गोल पुरा केला,
आणि चिंधूजींनी आपल्या हाताने
त्याला संत्र्याची फोड दिली.

ऊन चढलं. बसलेल्यांना गोळा करत
मागून टेम्पो येत होता.
त्याच्या पुढे पंचवीस पावलं, एक पोरगी.
छातीवर एकशे सहा. नाव विचारलं
तर दोन श्वासांत सांगितलं, इमला... कुमरे.
"बस ना बाई, कायले जीव काढते?"
टेम्पोवाला हॉर्न दाबून म्हणाला.
ती ड्रमाशी वाकली. नाड्या सोडल्या.
नवे बूट, टाचेची सालपटं निघालेली.
"मावशी, ठेव. नंतर नेते."
आणि मनगट पुढे केलं.

किती राहिलं, हे तिने एकटीने विचारलं नाही.
बूट घालून आली त्याच रस्त्याने
अनवाणी गेली.
चिंधूजी काही बोलले नाहीत.
फक्त कानावरचा दुपट्टा सोडून
तिची पावलं ऐकत राहिले, ऐकू येईपर्यंत.

सात रबर उरले.
सात जण वाटेत बसले असतील,
किंवा सकाळी उठलेच नसतील.
दुपारी ग्रामपंचायतीने ड्रम नेला.
चुन्याचा गोल राहिला, त्यावर शेळ्यांचे खूर,
आणि सांजेपर्यंत गावची लेकरं
त्याला फेरा मारून माझ्यापुढे
मनगट करत राहिली.
सातही संपले.

पहिला कोण आला, मला माहीत नाही.
ते तिकडे, मांडवात ठरलं.

बूट खिचडीच्या खोलीत आहेत, तांदळाच्या कोठीवर.
सोमवार गेला, बाजाराचा बुधवार गेला.
नंतर नेते म्हणाली होती.
नंतर म्हणजे किती किलोमीटर,
हे सरांनी सांगितलेलं नाही.