चावीवाला

तिकीट चाळीस रुपये, परतीचं त्यातच.
बोरखेडे हॉल्टवर जानेवारीतला रविवार,
शाळू हुरड्याला आलेला,
आणि बाभळीखाली टँकर लावून
इंजिनाला पाणी पाजणं चाललेलं
म्हशीला पाजावं तसं, बोलत बोलत.

दस्तगीर मुलाणी पंचाहत्तरीच्या पुढचे.
वाफेच्या काट्याकडे बघतही नाहीत,
पितळी नळीजवळ तळहात धरून म्हणतात,
"आजून धा मिनटं. पोटात गुरगुरू दे."
पोरं कानात बोटं घालून आधीच तयार.
सोलापूरहून आलेली माणसं
चाकाला टेकून फोटो काढतायत.
मी खाली बघते.

दोन रुळांत अडीच फूट.
आईच्या लुगड्याचा पन्हासुद्धा ह्याहून मोठा.

माझे अप्पा, लिंबाजी सरवदे,
ह्या मार्गावर चावीवाले होते.
शाळेत मी सांगायचे,
आमच्या अप्पांकडे रेल्वेची चावी असते.
पोरींना वाटायचं, ते उघडतात तेव्हा गाडी सुटते.
मलाही वाटायचं.
मग एका सुट्टीत त्यांच्यामागून चालले,
चार मैल जाताना, चार मैल येताना,
तेव्हा कळलं, चावी म्हणजे लोखंडाची पाचर,
रुळाला स्लीपरशी आवळून धरणारी,
गाडीच्या हादऱ्यानं रोज थोडी सुटणारी
आणि अप्पांनी रोज थोडी ठोकायची.
एवढंच. एकवीस वर्षं एवढंच.

स्लीपर असे, की एकेक घेतला तर पाऊल आखूड,
एक सोडून घेतला तर ढांग तुटते.
अप्पांनी आखूड पाऊल पत्करलं.
पुढे बाजारातही ते तसेच चालायचे,
लग्नाच्या मांडवातही,
आणि शेवटी दवाखान्याच्या फरशीवर,
जिथं आडवं काहीच नव्हतं.

गाडी आली की भरावाखाली उतरून
हिरवं निशाण धरायचे.
गाडीत स्वतः बसले असतील तीनदा.
"बसून काय कळतंय," म्हणायचे, "पायाला कळतं."

शिट्टी झाली. डबा आधी मागे सरकला, मग पुढे.
कोळशाची कणी नेमकी माझ्याच डोळ्यात.
दीड किलोमीटर: तूर, एक विहीर, पुन्हा तूर,
एक कुत्रं शेजारून धावलं
आणि आम्हाला सहज मागे टाकून गेलं.
पुढे रूळच संपतो. इंजिन वळवायला जागा नाही,
म्हणून ते आपल्याला उलटं ढकलत आणतं.
तेव्हा ऐकलं.
खट्-खट्, खट्-खट्,
विहिरीपाशी
खट्-खळ्.
डब्यात कुणीतरी शेंगाचटणीची पुडी सोडत होतं.

उतरल्यावर श्रीनिवास बुर्लाला गाठलं,
पॉलिटेक्निकचा पोरगा, कोपरापर्यंत ग्रीस.
"विहिरीजवळ डाव्या रुळाची चावी ढिली आहे."
तो हसला. मग हसायचा थांबला.
"मावशी, तुम्ही रेल्वेत होता?"
ह्याचं काय उत्तर द्यावं.
त्यानं हातोडा खांद्यावर टाकला. "चला, दाखवा."

बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला,
"किती बारीक पावलं टाकता तुम्ही."

चावी अर्धी बाहेर आली होती, सरड्यासारखी.
त्यानं हातोडा माझ्याकडे धरला.
पहिला घाव खडीवर गेला, ठिणगी उडाली.
दुसरा बसला, पण आवाज बोदा.
मडकं घेताना वाजवून बघतात
तसं अप्पा ऐकायचे, मान तिरकी करून.
पाचव्या घावाला आवाज बदलला.
मनगटात तो कळ होऊन कोपरापर्यंत चढला.

लांबून दस्तगीरचाचा ओरडले,
"झालं का? दोनची फेरी हाय!"

श्रीनिवास पळत गेला.
माझं तिकीट तर वापरून झालं होतं.
मी भरावाखाली उतरून उभी राहिले,
निशाण नव्हतं, हात नुसताच वर केला.
गाडी विहिरीपाशी आली.
खट्-खट्. खट्-खट्.
तिसरा ठोका नीट ऐकू आला नाही,
खिडकीतून पोरं ओरडत होती.