नाशवंत माल

जाळं ओलं होतं, म्हणून वजन कसं धरायचं
यावरच पाऊण तास गेला.
मगदूम साहेब म्हणाले, निथळू द्या आधी.
पाणी पाटबंधाऱ्याचं, ते आपल्या खात्यात येत नाही.
साहेब विनोद करत नव्हते.
मी गाडीच्या सीटवर कार्बन सरळ केला, लिहिलं:
मौजे जांभुळखडी, जिल्हा कोल्हापूर,
तलावाच्या सांडव्याजवळ, सकाळी सव्वासात.

तातोबा भोई खडकावर उकिडवा.
त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. ऊठही म्हटलं नव्हतं.

ठेका पाच वर्षांसाठी इचलकरंजीच्या एकानं घेतलाय.
त्याआधी भोयांच्या संस्थेकडं होता.
एका साली संस्थेनं रक्कम भरली नाही.
त्या साली पुरात सगळं बीज सांडव्यावरून गेलं
हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.
मी बसवून पाहिलं होतं,
फाइल तेव्हा माझ्याच टेबलावर होती.

मग जाळ्याचा आस मोजला.
पट्टी लावली. नियमापेक्षा कमी भरला.
"दोन बोटं हाय की ओ," तातोबा म्हणाला,
आणि आसात दोन बोटं घालून दाखवली.
बसली खरी.
"बाची बोटं जाड हुती. त्येच्या दोन बोटांतनं
पिल्लं सुटून जायची. माझी वाळल्यात."

साहेब पट्टीकडं बघत राहिले.
चूक त्यांचीही नव्हती;
ढिगात तळहाताएवढे रोहू होते,
पुढच्या दिवाळीला किलो-किलोचे झाले असते.
"आषाढात आमचं जाळं खुंटीला असतंय,
तुमचा कागद यायच्या आदीपास्नं,"
हे तातोबानं आपल्या पायांना सांगितलं.
मी लिहून घेतलं नाही.

रोहू सहा. खवल्या अकरा.
आंबळी, मोजता न आलेली, अंदाजे पाव किलो.
मरळ एक, जिवंत.
रोहूचं बीज ठेकेदाराचं, त्याची बिलं आहेत.
पण मरळ कुणी सोडली?
ती ओढ्याची. तलाव झाला त्याच्याही आधीची.
"तलावात सापडली म्हणजे तलावाची," साहेब म्हणाले,
पण जरा हळू.

जप्त माल नाशवंत असल्यास जागेवरच लिलाव करावा.
म्हणून लिलाव.
डेअरीला निघालेली दोन पोरं, ठेकेदाराचा राखणदार इराप्पा,
आणि फाट्यावरच्या खानावळीचा गौसपाक,
जो दर आठवड्याला मासे इथूनच नेतो.
सरकारी बोली चाळीस रुपये.

गौसपाकनं चपलेतला खडा काढला.
खडा नव्हताच.
एका पोरानं दुधाची किटली
या हँडलवरून त्या हँडलला लावली.
चाळीस एकवार.
चाळीस दोनवार.

तातोबानं हात वर केला.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पुस्तिका चाळली.
ज्याचा माल जप्त झाला त्यानं बोली लावू नये
असं कुठं छापलेलं नाही.
आक्काताईनं कनवटीची गाठ सोडली,
वीस, दहा, आणि बाकी चिल्लर;
नाणी ओली होती.
दंडाचं चलन वेगळं, ते नंतर येईल,
मी सांगितलं. ती हूं म्हणाली.

पावती फाडली, शिक्का मारला.
"ह्यात काय लिवलंय?"
मासे तुम्ही घेतलेत. तुमचे आहेत.
"मरळबी?"
मरळसुद्धा.

त्यानं पावती चौपदरी घडी करून टोपीत ठेवली.
अशी घडी घालायला त्याला बराच वेळ लागला.
मग मरळ दोन्ही हातांनी उचलून
तो पाण्याशी गेला, वाकला,
आणि हात रिकामे करून परत आला.

"ओ, तळ्यात मासं सोडायला परवाना लागतोय!"
इराप्पा ओरडला.

मगदूम साहेब गाडीला किक मारत होते.
त्यांना ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं.
माझ्या पेनाचं टोपण अजून उघडंच होतं.