तिकिटाएवढी फट

व्हीनस कॉर्नरच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर
आमची लॅब. पाटी नाही.
लोक दवाखान्यात जातात,
दवाखाना त्यांचे जबडे आमच्याकडं पाठवतो
गुलाबी प्लॅस्टरचे, चिठ्ठी रबरानं बांधून.
चेहरा येत नाही.

ही बाई मात्र स्वतः जिना चढून आली,
डॉक्टरांनीच धाडलेली, रंग जुळवायला.
शालन खाडे. कंडक्टर, गगनबावडा गाडी.
तिला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं,
खाकीवर करडं फडकं टाकलं,
नाहीतर खाकी दातात उतरते, डोळ्याला फसवते.
सोळा दातांची पट्टी ओठांजवळ धरली.
ए-दोन नाही. ए-तीन.
मुळाशी चहाचा साडेतीन.

पुढच्या दोघांतला उजवा अर्धा तुटका.
मांडुकलीच्या वळणावर म्हैस आडवी आली,
ब्रेक, दांडी, आणि तोंडात खडीसारखं काहीतरी.
"गिळला असंल," ती म्हणाली, "घावलाच न्हाई.
पासष्ट पाशिंजर हुतं, कुणाला हुडकायला लावू?"
सांगताना हात तोंडावर.
अकरा वर्षं हात तोंडावर.
एका हातानं तिकिटं, एका हातानं हसू झाकायचं,
दांडी धरायला तिसरा आणायचा कुठला?

"किती तासणार?"
"अर्धा मिलिमीटर. नखाएवढं."
"परत येत न्हाई?"
"नाही."
जरा वेळ ती खाली रस्त्याकडं बघत राहिली.
"बरं. पण टीव्हीतल्या बाईगत पांढरंफेक नगं.
डेपोत म्हनतील, शालीनं बेसिन बसवून घेतलं."

माझा बाप हुपरीचा.
पैंजणांना घुंगरं जोडायचा, फुंकणीनं ज्योत वळवून.
जोड दिसला की तोडायचा, पुन्हा बसायचा.
मी चांदी सोडली, पोर्सेलीन धरलं.
भट्टी सुटली नाही. फुंकणी गेली, आकडे आले.
आत पिवळट थर, त्यावर दुधी,
टोकाला निळसर धूर.
एक तडा तपकिरीनं ओढला, केसाहून बारीक,
कारण अठ्ठेचाळिशीच्या तोंडात कोरा दात
भाड्यानं आणल्यासारखा दिसतो.
आणि दोन्ही असे भिडवले
की मधून उजेडसुद्धा जाऊ नये.
बापाला दाखवावेत असे.

तिसऱ्या दिवशी डबी परत.
चिठ्ठी: रंग उत्तम. पेशंटला मधली फट पाहिजे.
मला रागच आला. फोन लावला.
"काय ओ, फट कशाला?"
"रिव्हर्सला."
"काय?"
"स्टँडात गाडी मागं घ्यायला शिट्टी लागती.
एक पोरांनी पळवली, दुसरी गंजली,
सोळा वर्षं दातातनंच वाजवती मी.
शेटे ड्रायव्हर आरसा बघत न्हाई, माझं ऐकतो.
तुटकं नीट करा. पर हवा जाऊ दे."

किती ठेवू, विचारलं.
तिनं तिकीट पाठवलं, एकदा दुमडून.
कळे ते साळवण, फुल एक.
एवढी.

ते तिकीट दातांमधे सरकवत, काढत
नव्यानं थर दिले, नव्यानं भट्टी लावली.
बाप असता तर म्हणाला असता,
खोड ठेवून इकतोस व्हय रं?
किंवा काहीच म्हणाला नसता,
नुसता खिडकीशी नेऊन फिरवून बघितला असता.

चिकटवल्याला आठवडा झाला असेल.
ती वर आलीच नाही.
खालून रस्त्यावरनं शिट्टी आली,
दोन लांब, एक तोकडी.
झेरॉक्सवाला बाहेर आला.
रिव्हर्स घेणारा एक टेम्पो,
ज्याचा ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता,
जागच्या जागी थांबला.
मी खिडकीशी गेलो.
ती वर बघून हसत होती.
हात सवयीनं निघाला, हनुवटीपर्यंत आला,
आणि तिथंच थोडा वेळ
काय करावं ते न कळून
तसाच राहिला.